दर्याला सातबारा नसतो

एडवणमधल्या कुठल्याही वाडीची, भातखाचराची, घरठाणाची नोंद तलाठ्याच्या दफ्तरात गुंठ्याच्या हिशेबानं सापडते. वहिवाट कुणाची, विहिरीत हिस्सा कुणाकुणाचा, पीक कोणतं, बोजा किती, सगळं कागदावर असतं. गावातली कितीतरी घरं ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगली त्या दर्याची मात्र या दफ्तरात एक ओळ नाही. कुठल्या घराचं जाळं कुठं लागतं, ती जागा बापामागे भावांत कशी वाटली गेली, खडपातली कालवं कुणी आणि कधी काढायची, वाळवणाची जागा कोणत्या आळीची, हे जाणत्या माणसांना पाठ असतं. आणि ती माणसं गेली की तेही जातं.

एडवणच्या मासेमारांवरचं हे पुस्तक हातात घेण्याचं पहिलं कारण हे आहे. मासेमार गावांवर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुधा सणांपासून सुरू होतं आणि जेवणावर संपतं. नारळी पौर्णिमा, कोळीनृत्य, लुगड्याची धाटणी, कालवणाची चव. यातलं काही खोटं नाही. पण या दर्शनी भागामागे मालकीची, वाटणीची, कालगणनेची आणि भांडण मिटवण्याची एक सबंध व्यवस्था उभी असते, आणि तिच्याशिवाय सणसुद्धा कळत नाहीत. ही व्यवस्था लिहून ठेवली नाही, तर कुणीतरी नकाशा उलगडून ‘इथं तर कुणाचंच काही नाही’ असं म्हणायला मोकळा होतो. पालघरच्या किनाऱ्यावर ते म्हणून झालेलंही आहे.

नव्या वाचकासाठी आधी जागा सांगतो. सफाळे स्टेशनवर उतरून पश्चिमेला निघालं की तांदूळवाडीचा डोंगर पाठीशी राहतो आणि रस्ता समुद्राकडे जातो. वैतरणेच्या मुखाशी दातिवरे; तिथून उत्तरेला कोरे, एडवण, मथाणे, उसरणी, मग केळवे आणि माहीम, त्यापुढे शिरगाव, सातपाटी, मुरबे, नवापूर, तारापूर. १ ऑगस्ट २०१४ पासून हा सारा पट्टा पालघर जिल्ह्यात आहे; त्याआधी तो ठाण्यात होता. एडवणला आशापुरी देवीचं देऊळ आहे, केळव्याला शीतलादेवीचं, आणि या दोन देवींमधल्या किनाऱ्यात मासेमार, बागायतदार, ताडीवाले, खाडीतले आदिवासी असे सगळे दाटीवाटीनं राहतात. एडवण म्हणजे मुंबईहून गाडीनं दोन-तीन तासांवरचं गाव, पण मुंबईकराला ते माहीत असतं ते केळव्याच्या बीचच्या वाटेवरची पाटी म्हणून.

इथलं जगणं समजून घ्यायचं तर पाण्यापासून सुरुवात करावी लागते. कोकणचा किनारा एकच म्हणून आपण बोलतो, पण सिंधुदुर्गातला समुद्र आणि पालघरचा समुद्र यांत मोठा फरक आहे. तळकोकणात भरती-ओहोटीत पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. खंबायतच्या आखाताकडे जावं तसा हा फरक वाढत जातो, आणि एडवणच्या बाजूला उधाणाला तो पाच मीटरच्या आसपास पोचतो. ओहोटीला किनारा लांबवर उघडा पडतो, भरतीला पाणी खाड्यांतून आत घुसतं, आणि या येण्याजाण्यात प्रवाहाला जबरदस्त ओढ येते. मालवणाकडे म्हणून रापण आहे: गावानं मिळून किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. इकडे डोल आहे. माणसानं जाळं ओढायचं नाही. पाण्याच्या ओढीत ते धरून ठेवायचं आणि मासळी आपोआप आत येऊ द्यायची.

डोलीचं काम जवळून बघण्यासारखं असतं. ही निमुळत्या पिशवीसारखी लांबलचक जाळी. तोंडाकडचे डोळे मोठे, मागे जावं तसे बारीक होत जातात, आणि शेवटच्या टोकाला, खोल्यात, इतके बारीक होतात की जवळासुद्धा निसटत नाही. तोंड उघडं राहावं म्हणून ते समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना किंवा मेखांना दोरखंडांनी बांधतात. भरतीचं पाणी जोरात वाहू लागलं की पिशवी फुगते. पाणी थबकलं, म्हणजे भरती संपून ओहोटी लागायच्या मधल्या थोड्या वेळात, होडी जवळ नेऊन खोला वर घ्यायचा, त्याची गाठ सोडायची आणि मासळी होडीत ओतायची. मग पाणी उलटं फिरतं, तशी जाळीही फिरते. हा मधला वेळ चुकला तर प्रवाहाच्या जोरात खोला वर येत नाही. त्यामुळे डोलकराचं घड्याळ पाण्याला बांधलेलं. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून आज पहाटे चारला निघालेला माणूस परवा साडेपाचनंतर निघतो. घरातली चूलही त्याप्रमाणे पेटते.

या घड्याळाचा हिशेब गावात तोंडी आहे. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. मुंबईपासून वरच्या किनाऱ्यावर हा हिशेब ढोबळमानानं बरोबर येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या पुढेमागे उधाण, तेव्हा ओढ जास्त आणि डोलीला काम. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मंद, जाळी किनाऱ्यावर, शिवणकाम आणि उसंत. शहरातल्या माणसाचा आठवडा रविवारी संपतो, डोलकराचा पंधरवडा भांगाला. पंचांग इथं मुहूर्तासाठी लागतं, त्याहून जास्त रोजीसाठी लागतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तिथी तोंडपाठ असल्या तर त्यात भाविकपणा किती आणि धंदा किती, हे वेगळं काढता येत नाही.

आता मालकीकडे येऊ. तळात मारलेल्या मेखेला, आणि तिच्यासह त्या जागेला, इकडे कव म्हणतात. कव मारणं हे खर्चाचं आणि कसबाचं काम. एकदा मारली की ती जागा त्या घराची, आणि ती मुलांकडे जाते. दुसऱ्यानं तिच्या तोंडावर आपली कव मारायची नाही, कारण पुढच्यानं वाटेतच मासळी धरली तर मागच्याच्या खोल्यात काय येणार? हा नियम कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नाही आणि तो मोडणाऱ्याला गावानं आजवर सोडलेलं नाही. पण दोन पद्धतींची मासेमारी एका पाण्यात आली की हाच नियम भांडणाचं मूळ होतो. सातपाटी-मुरब्याकडे दालदी पद्धतीची मासेमारी चालते: लांब जाळी पाण्यात सोडायची आणि प्रवाहाबरोबर वाहू द्यायची, पापलेट तिच्यात अडकतं. वसई, उत्तन, अर्नाळ्याकडचे डोलकर कवी मारत उत्तरेकडे सरकत गेले, तशी वाहत्या जाळीला मोकळी जागा उरेना. जाळी कवींत अडकून फाटू लागली. दशकानुदशकं बैठका होतात, मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी मध्यस्थी करतात, आणि नव्या हंगामात वाद नव्यानं निघतो. या वादात एक बाजू बरोबर आणि दुसरी चूक असं सांगणारा माणूस मला संशयास्पद वाटतो. दोघांचीही हक्काची कल्पना पक्की आहे. फक्त एकाचा हक्क जागेवर आहे आणि दुसऱ्याचा वाटेवर.

या किनाऱ्यावरच्या मासेमारांना बाहेरचे लोक सरसकट ‘कोळी’ म्हणतात. मुंबईच्या कोळीवाड्यांमधले सोनकोळी वेगळे. वैतरणेच्या उत्तरेला मांगेला समाज मोठा, त्याच्या जोडीनं वैती. वसईकडे ख्रिस्ती कोळी. शेजारी बागा सांभाळणारे वाडवळ, माडा-ताडावर चढणारे भंडारी. सामवेदी आणि वाडवळी या बोलींची ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दखल घेतली होती. मांगेलांची बोलीही आपला सूर आजपर्यंत टिकवून आहे. यात एक घटक नेहमी गळतो, तो या पुस्तकानं गळू दिलेला नाही. बोटीवर घाम गाळणारा खलाशी आज बहुतेक वेळा मासेमार समाजातला नसतो. तो डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून आलेला आदिवासी असतो. हीच मुलं हंगामात पोरबंदर, वेरावळ, ओखा या गुजरातच्या बंदरांवर जातात, आणि त्यांतली काही सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपाखाली पाकिस्तानच्या तुरुंगात अडकतात. मासेमार गावाचं कुठलंही वर्णन आता या पाड्यांना वगळून पुरं होत नाही.

इतिहास इथं भरपूर आहे, पण या पुस्तकाचा तो मुख्य विषय नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. १५३४ च्या तहानं वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि दातिवऱ्यापासून तारापूरपर्यंत किनाऱ्यावर कोट, बुरूज, गढ्या उभ्या राहिल्या. त्यांचे अवशेष अजून झाडीत दिसतात. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, तारापूर मराठ्यांनी घेतलं. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. या सगळ्याच्या मागे जाऊ पाहणाऱ्यांना वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर उघडावी लागते. तिच्यातली महिकावती केळव्याशेजारचं माहीम की मुंबईतलं, हा वाद रंगतदार आहे. मात्र ती बखर कुळं, गोत्रं, वतनं आणि गावांची वाटणी यांविषयी बोलते. जमिनीची मालकी सांगायला मराठीत बखर होती; पाण्याची सांगायला काही नव्हतं.

पुढे ज्यांनी मासेमारांविषयी लिहिलं त्यांचे ढोबळमानानं काही पंथ पडतात. पहिला सरकारी नोंदकारांचा. मुंबई गॅझेटियरचा ठाणे खंड १८८२ मध्ये निघाला, जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली. त्यात बंदरं, होड्या, मासळी, जाती, करांचे आकडे, सगळं येतं, आणि बारकाईनं येतं. कुणाला जुन्या ठाण्याच्या किनाऱ्याविषयी काहीही लिहायचं असलं तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. पण नोंदकाराची नजर महसूल आणि बंदोबस्त यांवर असते. जातीचं वर्णन स्वभाव, पोशाख, व्यसनं अशा साच्यात बसवण्याची सवय तिथं लागली, आणि एन्थोव्हेन यांच्या १९२० च्या दशकातल्या जाती-जमातींच्या ग्रंथांमधून ती पुढे आली. आजही कोळी माणूस रंगेल, दिलदार, भांडखोर असं जे आपण सहज बोलून जातो त्यातलं बरंच या साच्याचं देणं आहे.

दुसरा पंथ मत्स्यशास्त्राचा. मुंबई सरकारच्या मत्स्य विभागाचे डॉ. एस. बी. सेटना यांनी १९४९ च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबईकडच्या खुंटांवर आणि जाळ्यांवर लिहिलं; डोलीच्या तंत्राकडे कुतूहलानं आणि आदरानं पाहणाऱ्या मोजक्या लेखनातलं ते एक. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं नंतर मासळीच्या जाती, वाढ, पकड यांचा अखंड अभ्यास केला. या पंथाला मासळी दिसते, जाळं दिसतं, मधला माणूस मात्र ‘मनुष्यबळ’ होऊन जातो. ती उणीव समाजशास्त्रानं काही प्रमाणात भरून काढली. विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरचा ग्रंथ १९५९ मध्ये आला. कुटुंब, लग्न, पंचायत, बायकांचं बाजारातलं स्थान यांचा तो नीट अभ्यास आहे. उत्तरेच्या मांगेला गावांना असा अभ्यासक मिळाला असता तर या पुस्तकाचं काम बरंच हलकं झालं असतं.

तिसरा पंथ गाण्यांचा आणि सिनेमाचा, आणि प्रभाव त्याचाच सर्वांत मोठा. शांता शेळके यांच्या कोळीगीतांनी, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींनी डोलकर हा शब्द घराघरांत नेला. गंमत अशी की ज्यांनी तो शब्द हजारदा गुणगुणला आहे त्यांतल्या फार थोड्यांनी डोल पाहिली आहे. मी या गाण्यांचा चाहता आहे, तक्रार नाही. पण शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या कोळीनृत्यात टोपली कमरेवर येते आणि तिच्यातली मासळी कुणी, कुणाच्या वाट्याची, कोणत्या भावात घेतली हा प्रश्न पडद्यामागे राहतो.

चौथा पंथ चळवळीचा, आणि माझ्या मते गेल्या अर्ध्या शतकातलं सर्वांत जिवंत लेखन त्याच्या पत्रकांत, ठरावांत आणि न्यायालयातल्या अर्जांत आहे. १९७० च्या दशकात गोव्यात रापणकार ट्रॉलरविरुद्ध उभे राहिले, माथानी साल्ढाणा त्यांचं नेतृत्व करत होते. त्यातून राष्ट्रीय पातळीवरचा मच्छीमारांचा मंच आकाराला आला. १९९१ नंतर परदेशी कंपन्यांच्या मोठ्या बोटींना खोल समुद्रात परवाने मिळाले तेव्हा देशभरच्या मासेमारांनी बंद पाळले, आणि सरकारला मुरारी समिती नेमावी लागली. या लढ्यात सातपाटीचे रामभाऊ पाटील महाराष्ट्राचा आवाज होते. सातपाटीच्या सहकारी संस्थांचा अनुभव, बर्फ, डिझेल, विक्री एकत्र करण्याची सवय, त्यातून आलेला आत्मविश्वास, हे सगळं या चळवळीच्या पाठीशी होतं. पत्रकांची भाषा भडक असते, आकडे कधी फुगलेले असतात. तरीही ‘हे पाणी आमच्या वहिवाटीचं आहे’ हे वाक्य सरकारच्या दारात पहिल्यांदा त्यांनीच लेखी नेऊन ठेवलं.

या सगळ्या पंथांतून निसटलेला एक मोठा भाग म्हणजे बायकांचा कारभार. मासळी होडीतून उतरली की पुरुषाचं काम संपतं. मग निवडणं, वाटे लावणं, भाव ठरवणं, सुकवणं, साठवणं, उधारी वसूल करणं हे बाईच्या हातात. बोंबील हा या कारभाराचा कस पाहणारा मासा. त्याच्या अंगात बहुतेक पाणीच; पकडल्यावर काही तासांत त्याची रया जाते. त्यामुळे तो एकतर ताबडतोब विकायचा, नाहीतर वलांडीवर टाकायचा. वलांडी म्हणजे बांबूंच्या खांबांवर ताणलेल्या दोऱ्यांच्या ओळी. दोन बोंबील घेऊन त्यांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, खिळा नाही, आणि वाऱ्यानं सहसा पडत नाही. सरावलेल्या हातांची गती बघत राहावी अशी असते. खाली गवतावर, जाळीच्या तुकड्यांवर जवळा, करंदी, मांदेली पसरलेली. पाऊस अवेळी आला तर सगळं मातीमोल. हीच सुकी मासळी एकेकाळी जव्हार-वाड्याकडे जाऊन भाताच्या मोबदल्यात दिली जायची. सह्याद्रीच्या पाड्यांना मीठ आणि प्रथिनं समुद्राकडून मिळत आणि किनाऱ्याला पावसाळ्याचं धान्य डोंगराकडून. एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी लोकल डहाणूपर्यंत गेली आणि ओल्या मासळीच्या पाट्या घेऊन मुंबई गाठणं सोपं झालं. पण वाळवणाच्या जागा, ज्यांच्यावर घरची पावसाळ्याची बेगमी उभी होती, त्यांना मात्र कुठल्याही विकास आराखड्यात ‘मोकळी जागा’ असंच नाव मिळत गेलं.

देवधर्माचं पुस्तकात भरपूर आहे, म्हणून एकच सांगतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहायचा आणि होड्या पाण्यात लोटायच्या, ही प्रथा सगळ्यांना माहीत आहे. पण ती एक बंदी उठवणारी प्रथा आहे हे सहसा लक्षात घेतलं जात नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, अनेक जातींच्या माशांच्या विणीचा काळ, होड्या ओढून वर ठेवलेल्या. बंदी गावानंच गावावर घातलेली. आज सरकार १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी यांत्रिक बोटींवर घालतं. नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये येते. त्यामुळे सरकारी दार आधी उघडतं आणि देवाचं नंतर. पालघरचे मच्छीमार कितीदा तरी मागणी करतात की बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा. आपलाच धंदा आणखी पंधरा दिवस बंद ठेवा असं सरकारला सांगणारे व्यावसायिक दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात सापडतील? होळी, हळदी, धवलारणीची गाणी, गौरी, देवीची जत्रा, कार्ल्याच्या एकवीरेची वारी, हे सगळं वाचताना वाचकानं प्रत्येक वेळी हंगाम कोणता आणि पाणी कोणतं हे मनात धरावं. बरेच अर्थ आपोआप लागतात.

गेल्या सत्तर वर्षांत या व्यवस्थेवर लागोपाठ घाव बसले, आणि त्यातले काही गावानं आनंदानं ओढवून घेतले हेही म्हटलं पाहिजे. सुताची आणि सणाची जाळी झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून वाळवावी लागत. नायलॉन आलं आणि ते कष्ट संपले. शिडाच्या जागी इंजिन आलं, टोपलीच्या जागी बर्फाची पेटी, आणि मतलई वाऱ्याची वाट बघायची गरज उरली नाही. बोटी मोठ्या झाल्या, दूर जाऊ लागल्या, कर्जं मोठी झाली. पकडीचे वाटे जुन्याच तत्त्वावर पडतात, बोटीचा एक, जाळ्याचा एक, माणसांचे बाकीचे. पण बोटीचा वाटा वाढत गेला आणि माणसाचा आक्रसत गेला. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्यानं ट्रॉलरना किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात यायला मज्जाव केला, २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले, २०२१ मध्ये कायदा कडक झाला. अंमलबजावणीला गस्तीनौका आणि माणसं हवीत, ती कधीच पुरेशी नव्हती.

मासळीचं काय झालं याचं उदाहरण म्हणून पापलेट घ्या. सातपाटीची ओळख त्याच्यावर उभी. सप्टेंबर २०२३ मध्ये चंदेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांचं किमान कायदेशीर आकारमान ठरलं, पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. एखाद्या माशाला मानाचं पान मिळतं तेव्हा त्याची संख्या घटलेली असते, हा माझा तर्क आहे आणि तो बहुधा चुकत नाही. पिल्लं खाणारा ग्राहक आणि बारीक डोळ्यांची जाळी, दोन्ही तितकीच जबाबदार. उलट बाजूनं, ऑगस्ट २०२१ मध्ये मुरब्याच्या एका बोटीला दीडशेच्या वर घोळ मासे मिळाले आणि त्यांचा लिलाव सव्वा कोटीच्या वर गेला, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी लॉटरीची भाषा वापरली. घोळीच्या पोटातल्या भोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, परदेशात मोठी किंमत मिळते. लॉटरी लागते त्या बोटीच्या बातम्या होतात. डिझेलही न सुटलेल्या शेकडो फेऱ्यांची बातमी होत नाही.

आणि मग प्रकल्प. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. पुढच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात आणि खाड्यांत गेलं. २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादानं प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना भरपाई भरण्याचा आदेश दिला. जातीच्या नावानं चालणारी एक परिषद पर्यावरणाच्या खटल्यात अर्जदार होते, ही घटना समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी मुद्दाम बघावी. उत्तरेला वाढवण. १९९८ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं तिथल्या बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणानं २०२३ मध्ये परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला पायाभरणी झाली. या बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. ज्या पाण्याला कधी सातबारा नव्हता ते भराव पडल्यावर जमीन होईल, आणि जमीन झाली की त्याला मोजणी, नकाशा, मालक सगळं मिळेल. एडवण या भरावापासून दूर, दक्षिणेला आहे. पण मासळीला तालुक्याची हद्द नसते, आणि वाढवणसमोर मासेमारी करणाऱ्या बोटींना जागा उरली नाही तर त्या कुठं सरकतील हे सांगायला ज्योतिषी नको.

२०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मासेमार वस्त्या, वाळवणाच्या जागा, त्यांच्या सामाईक जागा आणि पाण्यातली मासेमारीची क्षेत्रं नकाशावर दाखवावीत असं म्हटलं होतं. पुढे २०१९ ची अधिसूचना तिच्या जागी आली. नकाशे निघाले, त्यांवर हरकती झाल्या, सुनावण्या झाल्या. हरकत घ्यायची तर ‘इथं आमची डोल लागते’ एवढं म्हणून भागत नाही. कुठं, किती वावांवर, कधीपासून, कुणाकुणाची, हे सांगावं लागतं. हे पुस्तक तशी माहिती गोळा करण्याचा एक प्रयत्न आहे, आणि म्हणून मी त्याच्याकडे लोकसाहित्याचा संग्रह म्हणून पाहत नाही.

त्याची पद्धत साधी आहे. एडवण आणि आजूबाजूच्या गावांतल्या माणसांना बोलतं करायचं, बोलीत जसं आलं तसं ठेवायचं, जाळ्यांची मापं घ्यायची, मासळीची नावं हंगामाप्रमाणे लावायची. शास्त्रीय नावं जिथं खात्रीनं देता आली तिथंच दिली आहेत, हे मला आवडलं. इकडे एकाच माशाला वयाप्रमाणे दोन-तीन नावं असतात आणि घाईनं जोडलेलं लॅटिन नाव ती माहिती पुसून टाकतं. बायकांच्या आठवणींना पुरुषांच्या आठवणींइतकी जागा आहे. खलाश्यांचं प्रकरण मात्र तोकडं वाटलं. पाड्यांवर जाऊन केलेलं काम कमी पडलं आहे आणि पुढच्या आवृत्तीत ते वाढायला हवं. भूतकाळ थोडा अधिक गोड करून सांगण्याची खोडही काही कथनांत आहे. जुन्या गावात सगळे समान होते असं कुणी सांगितलं की वाचकानं लगेच वाट्यांचं प्रकरण उघडावं. नाखव्याचा आणि खलाश्याचा वाटा तेव्हाही एक नव्हता. जात पंचायतीच्या न्यायाबद्दलही कौतुकाच्या जोडीनं दोन कडक प्रश्न विचारायला हवे होते, विशेषतः बायकांच्या बाबतीत.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती जाळ्यांच्या जागांच्या नकाशावरून. संपादकांनी खडक, खोली आणि दिशा दाखवल्या, कुटुंबांची नावं मात्र छापली नाहीत. छापील कागदावर नाव आलं की तोंडी हक्काचा पुरावा होतो, पण त्याच कागदावर शेजाऱ्याचं नाव राहून गेलं तर पुरावाच भांडण होतो. आणि कवींच्या जागा काळाप्रमाणे सरकतात, त्या एका वर्षाच्या रेघेत गोठवायच्या का, हा त्यांचा प्रश्न होता. माझं मत नावं छापण्याच्या बाजूचं होतं आणि अजून आहे, गावाच्या सभेत वाचून दाखवून आणि संमती घेऊन. वाचकानं सुरुवात त्याच नकाशापासून करावी. मग जाळ्यांचं प्रकरण, त्यानंतर वाळवणाचं, आणि सणांचं सगळ्यात शेवटी. अनुक्रमणिकेत ते पहिलं असलं तरी.